चिंधूच्या मानेवरच्या चिरा

१

गावात माणूस गेला की पहिली हाक मला पडते. सरकारनं मला पोलीस पाटील केलं तेव्हा वाटलं होतं, भांडणं सोडवीन, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगीन. कुठलं काय बाप्पा! निम्मा जन्म प्रेतापाशी पदर नाकाला लावून उभं राहण्यातच चालला.

त्या दिवशी सकाळी कैलासच्या गोठ्यात चिंधू मेलेला सापडला. चिंधू म्हणजे कैलासचा जुना गडी. दिवसभर त्याच्या वांग्याच्या वाडीत राबायचा आणि रात्री गोठ्यात जागलीला झोपायचा. मी गेले तेव्हा तो उताणा पडला होता. कपाळाला खोक पडलेली, आणि उजवा हात धुराच्या घमेल्यात. आमच्याकडे जनावरांना माश्या चावू नयेत म्हणून दिवेलागणीला घमेल्यात गोवऱ्या आणि कडूनिंबाचा पाला पेटवून धूर करतात. त्याच राखेत बिचाऱ्याचा तळवा भाजून काळा झाला होता. मला पाहवेना.

कैलास भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. "काल दिवे लागाच्या टायमाले म्या त्याले धूर करतानी पाह्यलं वो नलूबाई. चांगला होता. अन् रातच्याले आदेश येऊन बोंबलून गेला."

आदेश हा चिंधूचा मुलगा. त्याला पुण्याला कंपनीत जायचं होतं, बाप सोडत नव्हता. दोनच दिवसांपूर्वी दोघांची वाजली होती, आणि आदल्या रात्री आदेश गोठ्यात बापावर ओरडल्याचं अर्ध्या गावानं ऐकलं होतं. राकेश जमादार ठाण्यातून आले, त्यांनी कपाळावरची खोक पाहिली, शेजारी पडलेलं गुरं हाकायचं दांडकं पाहिलं, आणि त्यांचं काम झालं. पाच मिनिटांत आदेशची कॉलर त्यांच्या हातात होती.

तेवढ्यात दारात गोपिका मॅडम उभ्या राहिल्या, खांद्याला जाळी आणि हातात डब्या. या बाई वर्ध्याला नालवाडीत राहतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झाल्या, आणि आता चावणाऱ्या माश्यांची तोंडं तपासत गावोगाव फिरतात. हो, तोंडं! कोणती माशी कशानं चावते, कशानं पिते, हे त्यांचं संशोधन. गाव त्यांना माशीवाली मॅडम म्हणतं आणि पाठीमागे हसतं. मीही हसले आहे. आमच्या शिवारात त्यांनी माश्या धरायचे सापळे लावले होते, ते पाहायला त्या आठवड्यातून एकदा यायच्या.

जमादार बाहेर फोनवर बोलत होते. मॅडम चिंधूपाशी वाकल्या, चिमट्यानं त्याची कॉलर जरा बाजूला केली आणि तशाच थांबल्या. मानेमागे बारीक बारीक चिरा होत्या, मोजवत नव्हत्या. एकेका चिरेपासून वाळलेल्या रक्ताचा ओघळ निघाला होता. पायांच्या पोटऱ्यांवरही तसंच. कॉलरच्या घडीत एक जाडजूड माशी अडकून मेली होती, ती त्यांनी डबीत घातली.

"गोठ्यात माश्या असतातच मॅडम," मी म्हटलं.

"असतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण ही नसते, नलूबाई. चिंधू या गोठ्यात पडला नव्हता."

२

जमादारांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमी माश्या सांभाळा, आमी खुनी सांभाळतो." गाढवापुढे वाचली गीता.

आदेशला जीपमध्ये बसवलं होतं. मी पाटीलकीचा हक्क दाखवून त्याच्यापाशी गेले. पोराचे डोळे सुजले होते.

"कुठं होता रे काल?"

"वर्ध्याले. मजुरीले गेलतो, स्लॅब टाकाची होती, नलूबाई. सकाळपासून दिवस बुडेस्तोवर. स्लॅब सोडून येता येते काय? पुऱ्या गँगले इचारा. रातच्याले आलो न् सीधा गोठ्यात गेलतो, बाबाले घरी जेवाले बोलवाले."

"आणि ओरडलास काऊन?"

"बाबा नव्हताच तिथं! अंधार. धूर बी केलता नाई. ढोरं पाय आपटून राह्यली होती. मले वाटलं, माह्यावर रागावून कुठं जाऊन बसला. मंग दोन-चार शिव्या देल्ल्या न् घरी गेलो." तो एकदम हमसून रडला. "शेवटी बापाले शिव्या देल्ल्या म्या."

जमादार फिदीफिदी हसले. "धूर केला नाई म्हणते! घमेलंभर राख काय आभायातून पडली बे?"

जीप गेली. रस्त्याच्या कडेला चिंधूची बायको पंचफुला बसली होती. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. मी खांद्यावर हात ठेवला तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"नलूबाई, मालक तं गेला माहा. तो काई वापस येत नाई. पण पोट्ट्यानं बापाले मारलं असं कोनी म्हनलं, तर म्या कोनाच्या तोंडाकडे पाहून जगू? तुमी मले सांगा. त्यानं नाई मारलं न?"

मी मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी विचारलं, "पंचफुलाबाई, काल चिंधूला शेवटचं कधी पाहिलं?"

"अंधारातच वाडीत गेलते ते, वांगे तोडाले. दुपारी म्या डबा घेऊन गेली तं कैलासभाऊ बांधावरच भेटले. म्हने, वासरू सुटलं, चिंधूले जंगलाकडे पाठोलं, डबा वापस ने. मंग नाईच दिसले."

कैलासच्या वाडीला लागून सदाशिवरावांची संत्र्याची बाग आहे. महिन्याभरापूर्वी जनावरं बागेत शिरली म्हणून त्यांनी चिंधूवर काठी उगारली होती. आम्ही त्यांच्याकडे गेलो तर म्हातारा आधीच तापलेला.

"मले माहीत होतं तुमी येसान! म्या मारलं असतं तं चारचौघांत मारलं असतं, अन् तुले बोलावून सांगतलं असतं. चोरून माराले मी काय कोल्हा हावो?"

"काल चिंधूला पाहिलं का तुम्ही?" मी विचारलं.

"नाई. दिवसभर नाई. आयकू मात्र आला नाई, त्याचं नवल वाटलं. रोज वांगे तोडतानी गाणे म्हणे, कान किटून जात." म्हाताऱ्यानं वाडीकडे पाहिलं. "काल वाडी चूप होती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला.

३

नालवाडीतल्या मॅडमच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. जेवायच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि फडताळात मसाल्याच्या बरण्या असाव्यात तिथं माश्यांच्या बाटल्या. मला चहा नको झाला.

"या, डोळा लावा," मॅडम म्हणाल्या. "ही साधी घरमाशी."

नळीच्या टोकाला मऊ फुगीर ओठ दिसला.

"हिच्याकडे हत्यार काहीच नाही. सांडलेलं टिपून घेते, बस. आता हा डास." केसाहून बारीक सुयांचा जुडगा दिसला. "हा सुई थेट रक्तवाहिनीत घालतो आणि आतल्या आत ओढतो. बाहेर थेंब येत नाही, फक्त गांधी उठते. आता ही पाहा. गोठ्यातली चावरी माशी, दिसायला अगदी घरमाशीची बहीण."

तिची सोंड पुढे आलेली, ताठ, चांभाराच्या आरीसारखी. टोकाला बारीक दात.

"ही भोक पाडते आणि त्यातूनच पिते. टाचणीच्या टोकाएवढी जखम होते, ओघळ येत नाही. सांगायचं म्हणजे, गोठ्यात जो चावेल तो यांच्यापैकी. एक वाळूमाशीही असते, पण ती तिळाएवढी, तिची जखम नुसती दिसायचीसुद्धा नाही."

मग त्यांनी चौथी काच ठेवली. मी पाहिलं आणि डोळा काढून घेतला. रुंद, धारदार पाती होती, एका जोडीला करवतीसारखे दाते. त्यांच्याखाली मोठा थोरला स्पंजासारखा ओठ, आणि त्यात अजून सुकलेलं रक्त.

"ही चिंधूच्या कॉलरमधली. गोमाशी, मादी. नराला ही पाती नसतात, तो बापडा फुलांवर जगतो. ही टोचत नाही, कापते. कातडी चिरते, रक्ताचं थारोळं होऊ देते आणि मग कुत्र्यासारखं लपलप पिते. पिऊन उडाली तरी जखम वाहत राहते. चिंधूच्या मानेवर तशाच चिरा आहेत, तसेच ओघळ आहेत."

"मग चावली गोमाशी. त्यानं काय होतं?"

"गोमाशी उन्हात फिरते, नलूबाई. डोळ्यांनी शोधून येते. अंधारात ती येत नाही, छपराखाली येत नाही, आणि धुराच्या आसपास तर नाहीच. म्हणजे चिंधूला हे चावे दिवसा, उघड्यावर बसले."

"जंगलात वासरू शोधायला गेला होता न तो."

मॅडमनी काच बाजूला ठेवली. "तुम्हाला कधी गोमाशी चावली आहे?"

चावली आहे. धानाच्या बांधीत चावली होती, तेव्हा मी अशी किंचाळले होते की बैल बुजले. ती बसली की हात आपोआप जातो, झोपेतसुद्धा जातो.

चिंधूनं एकीलाही हाकललं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही शिवारात गेलो. भादव्याचं ऊन, डोकं भणभणून निघतं. मॅडमचे सापळे म्हणजे काळा रंगवलेला चेंडू आणि वर पांढऱ्या कापडाची टोपी. गोमाशीला तो चेंडू जनावर वाटतो आणि ती वर टोपीत अडकते.

सदाशिवरावांच्या बागेतल्या सापळ्यात गोमाश्या होत्या, पण मॅडमनी भिंग लावून मान हलवली. "ही जात वेगळी. हिचा ओठ निमुळता, पाती अरुंद. चिंधूच्या कॉलरमधली ही नव्हे." जंगलाच्या वाटेवरच्या सापळ्यातही तीच बारीक तोंडाची जात. कैलासची वांग्याची वाडी नाल्याला लागून आहे, तिथला सापळा मात्र जाडजूड माश्यांनी भरला होता. रुंद पाती, थोरला ओठ.

"ही चिखलात वाढते. नाल्यापासून फार लांब जात नाही," मॅडम म्हणाल्या. "चिंधू इथंच कुठंतरी पडला होता."

नाल्याच्या काठचं गवत एके ठिकाणी चेपलेलं होतं, माणसाएवढं. तिथून बांधापर्यंत काहीतरी ओढल्यासारखी वाट. बांधावर एक दगड, त्यावर काळपट डाग. पण माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. बांधाच्या कडेनं काठ्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक काठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला, आणि तार कुठंच नाही.

मॅडमना कळेना. माश्या त्यांना कळत होत्या, हे मला कळलं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळेल.

रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, वाडी खाऊन टाकतात. मग लोक तार बांधतात आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तिच्यात करंट सोडतात. ट्यूब यासाठी की करंट काठीत उतरू नये. कायद्यानं बंदी आहे. मी गळा फाटेपर्यंत ओरडून सांगितलं आहे, दवंडी दिली आहे, आणि तरी यांच्या कानावरची माशी हलत नाही!

"चिंधूचा हात घमेल्यात पडला नव्हता मॅडम," मी म्हटलं. "घातला होता. तळव्यावरचा तारेचा डाग जाळायला."

५

कैलासच्या ओसरीवर आम्ही बसलो. राकेश जमादार नाखुशीनंच आले होते. सदाशिवराव न बोलावता आले. पंचफुला खालच्या पायरीवर टेकली, वर ये म्हटलं तरी आली नाही. कैलासनं सगळ्यांना पाणी दिलं.

मॅडमनी चार माश्यांची चार तोंडं सांगितली, मला सांगितली तशीच, शांतपणे. जमादार कंटाळले.

"कोर्टात काय माशी उभी करता मॅडम? चावली असन दिवसा. गेलता न तो जंगलात वासरामागं."

"हाव, हाव," कैलास घाईनं म्हणाला. "जंगलात लई चावतात. आला तवा सांगत होता मले."

"काय सांगत होता?" मॅडमनी विचारलं.

"का मान सोलून काढली म्हणे माश्यायनं."

"मानेवरचे ओघळ दोन्हीकडून गळ्याकडे उतरले आहेत, कैलासभाऊ. चालणाऱ्या माणसाचे ओघळ पाठीवर उतरतात. गोठ्यात तर तो उताणा होता. रक्त वाहिलं तेव्हा चिंधू पालथा पडला होता. उन्हात, पालथा, आणि इतका वेळ की मान आणि पोटऱ्या भरून गेल्या, तरी त्यानं हात उचलला नाही. आणि माशी तुमच्या नाल्यावरची आहे, जंगलातली नाही."

कैलास पंचफुलाकडे न पाहता पाण्याचा गडू उचलायला वाकला.

आता मी बोलले. माझा आवाज चढला, चढू दिला. "तार कुठं गेली, कैलास? काठ्या तर तशाच आहेत. एका दिवसात तार काऊन काढली? आणि पोरगं म्हणते गोठ्यात धूर नव्हता, तू म्हणतो दिवेलागणीला चिंधूनंच केला. ज्याला तू जंगलात पाठवला, तो दिवसभर तुझ्या नाल्यात पडला होता. मग घमेलं कोणी पेटवलं?"

सदाशिवराव उठून उभे राहिले. "कैलास," ते म्हणाले, "बोल बे. पोट्टं फुकट अडकून राह्यलं."

कैलासची पाचावर धारण बसली होती.

"लाईन गेलती वो. पाहाटेच लाईन गेलती. मले वाटलं, आता कायचा करंट, मंग खटका पाडला नाई. रोजच पाडतो, आईची आन! चिंधू बांध ओलांडून राह्यला अन् तेवढ्यात लाईन आली." त्यानं तोंड झाकलं. "म्या पाह्यलं तवा तो दगडावर डोकं आपटून पडला होता. खटका पाडला, हलवलं. गेलताच तो. मले काई सुचलं नाई. गवतात ओढला, दुपारी वहिनीले बांधावरूनच वापस लावलं न् घरी येऊन बसलो. अंधार पडल्यावर पुन्हा लाईन गेली, गाव निजलं, तवा गोठ्यात आणला. पोट्ट्याचं नाव येईन असं मनात बी नव्हतं. देवाशपथ नव्हतं."

"आलं तेव्हा तर बोलला नाहीस," मी म्हटलं.

"चिंधू तं वापसच येणार नव्हता न! मेलेल्या माणसासाठी मी जेलात जाऊन काय भेटलं असतं?"

गोपिका मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांना बोलायचं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"गोमाशी थंड माणसावर बसत नाही, कैलासभाऊ. तिला अंगाची ऊब लागते, श्वास लागतो. आणि ती नुसती कापते. ओघळ निघायला आतून रक्त ढकलणारं काळीज चालू पाहिजे. तुम्ही गवतात ओढलात तेव्हा चिंधू मेलेला नव्हता."

"म्या नाकाखाली बोट धरलं होतं!" कैलास ओरडला. "सूत हाललं नाई!"

"बारीक श्वास असेल. घाबरलेल्या बोटाला लागत नाही. ऊन चढेपर्यंत तरी तो जिवंत होता, बहुतेक दुपारपर्यंत."

"सेवाग्रामचा दवाखाना पाऊण तासावर आहे," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"कदाचित तिथं नेऊनही वाचला नसता," मॅडम म्हणाल्या. "कदाचित वाचला असता. ते मी सांगू शकत नाही."

कैलासच्या घशातून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. मला त्याची दया आली, आणि आली म्हणून स्वतःचा संताप आला. जमादार भिंतीकडे बघत होते. पंचफुला पायरीवरून उठली. मला वाटलं, ही आता त्याच्या अंगावर धावून जाईल. धावली असती तर मी अडवलं नसतं.

ती मॅडमपाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, माह्या आदेशनं नाई मारलं, हे पक्कं झालं न?"

"पक्कं."

"मंग एक करा. तो सुटून आला का त्याले हे सांगू नका, का बाप दुपारलोक जित्ता होता. तार लागली न् जागीच गेला, इतकंच सांगा. नाई तं पोट्टं कैलासभाऊले जित्तं ठेवणार नाई, नाई तं सोताले काई करून घेईन. म्या वळखतो त्याले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही उत्तर ठाऊक होतं, आणि तिला ते कोणी सांगायचं हा प्रश्न होता. शेवटी मीच तिला बाजूला घेतलं.

"पंचफुले, कसं लपवू? उन्हात गोमाश्या चावल्या तेव्हा तुझा मालक जिवंत होता आणि नाल्यावर पडला होता, याच एका गोष्टीवर तुझं पोरगं सुटतं. त्या वेळी तो वर्ध्याला स्लॅबवर होता. हे कागदावर आलं नाही तर जमादार पुन्हा म्हणतील, कैलास घाबरून बोलला, मारलं आदेशनंच."

तिनं पदर सावरला आणि ती पायऱ्या उतरायला लागली. तिला समजलं होतं.

६

आदेशला त्याच संध्याकाळी सोडलं. जीप वेशीपाशी थांबली. तो उतरला तेव्हा आई तिथं उभी होती, मी होते, मॅडम गाडीत बसल्या होत्या आणि काच खाली करत नव्हत्या. चार दिवसांची दाढी वाढावी तसा त्याचा चेहरा एका दिवसात झाला होता. जमादारांनी त्याला तार लागल्याचं तेवढं सांगितलं होतं, पुढचं सांगायची त्यांची छाती झाली नव्हती.

तो आईच्या गळ्यात पडला. मग मान वर करून त्यानं मला विचारलं, "नलूबाई, बाबाले लई तरास झाला काय वो?"

मी तोंड उघडायच्या आत पंचफुला म्हणाली, "नाई रे बेटा. पहाटेच गेला. तार लागल्याबरोबर."

"खरंच?"

तो मलाच विचारत होता. गावात माझ्याइतकं तोंड कोणाचं चालत नाही, कोणाला भीत नाही मी. चिंधू दुपारपर्यंत जिवंत होता असं मॅडमनी लिहून दिलेला कागद माझ्या पिशवीत होता, त्यावर मी साक्षीदार म्हणून सही केली होती, आणि उद्या ना परवा कोर्टात कोणीतरी तो मोठ्यानं वाचणारच होतं.

"हो," मी म्हटलं. "जागीच गेला."

पंचफुलानं त्याचा हात धरला आणि ती त्याला घरी घेऊन गेली.